कमजोर पिकअपची बाजू

इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप विकणाऱ्या कोणत्याही कंपनीची यादी पाहिली, तर प्रत्येक मॉडेलच्या नावापुढे एक माप हमखास दिलेलं असतं: आउटपुट. म्हणजे पिकअपमधून निघणारा सिग्नल किती जोरकस. पदरचे पैसे घालून गिटारमधला मूळचा पिकअप काढायचा आणि त्या जागी त्याच ताकदीचा, कधी कधी त्याहूनही क्षीण असा दुसरा बसवायचा, हे व्यवहाराला धरून वाटत नाही. तरीही ब्लूज वाजवणाऱ्याने नेमकं तेच करावं, असं माझं मत आहे. ब्लूजचा इलेक्ट्रिक आवाज ज्या रेकॉर्डांवर घडला, त्या जवळजवळ सगळ्या आजच्या मापाने कमी किंवा मध्यम ताकदीच्या पिकअपवर वाजलेल्या आहेत. टी-बोन वॉकर यांचं 'कॉल इट स्टॉर्मी मंडे' १९४७ चं. मडी वॉटर्स यांनी शिकागोत चेस कंपनीसाठी केलेलं महत्त्वाचं काम पन्नासच्या दशकातलं. ओटिस रश यांचं कोब्रा कंपनीसाठीचं पहिलं गाणं १९५६ चं, अल्बर्ट किंग यांचा 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' हा अल्बम १९६७ चा. मूळचा पिकअप काढून जास्त ताकदीचा बसवायची बाजारपेठ यानंतर उभी राहिली. लॅरी डिमार्झिओ यांचा 'सुपर डिस्टॉर्शन' सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आला आणि सिमोर डंकन यांची कंपनी १९७६ मध्ये सुरू झाली, तोवर ब्लूज गिटारची सगळी बोली तयार होऊन तिच्यावर इंग्लंडमध्ये एक पिढी पोसलीही होती. नुसत्या कालक्रमाने काही सिद्ध होत नाही, हे खरं. जुन्या वाद्यांवर उत्तम वाजलं म्हणून जुनीच वाद्यं उत्तम, हा तर्क लंगडा आहे. म्हणून कालक्रम बाजूला ठेवून आधी पिकअपच्या आत काय घडतं ते पाहू. माझ्या म्हणण्याचा खरा आधार तिथे आहे.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार, एवढंच. चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतःही थोडी चुंबकीय होते. ती थरथरली की वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि त्या बदलामुळे वेटोळ्यात वीज निर्माण होते. शाळेच्या पुस्तकातला फॅरडेचा नियम तो हाच. स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपमध्ये केसाइतक्या बारीक, ४२ गेजच्या तारेचे साधारण आठ हजार वेढे असतात. ती सगळी उलगडली तर एक किलोमीटरहून लांब भरेल. वेढे वाढवले की वीज वाढते, म्हणजे सिग्नल जोरकस होतो. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट वाढते, आणि ती वेढ्यांच्या संख्येपेक्षा कितीतरी वेगाने वाढते. तिला इंडक्टन्स म्हणतात आणि ती हेन्री या एककात मोजतात. गिटारपासून अ‍ॅम्पपर्यंत जाणाऱ्या केबलला स्वतःची कपॅसिटन्स असते. साधारण पाच मीटरच्या केबलची ती पाचशे पिकोफॅरडच्या घरात जाते. पिकअपचा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एक अनुनादाची जागा ठरते. त्या जागेच्या आसपासचे स्वर उचलले जातात आणि तिच्या वरचं सगळं झपाट्याने गळून पडतं. स्ट्रॅटच्या जुन्या पद्धतीच्या पिकअपचा इंडक्टन्स २.४ हेन्री धरला, तर ही जागा साधारण ४,६०० हर्ट्झवर येते. गिब्सनच्या जुन्या हम्बकरचा, म्हणजे दोन वेटोळ्यांच्या पिकअपचा, ४.४ हेन्री धरला, तर ३,४०० वर. आणि भरपूर वेढ्यांच्या आधुनिक जोरकस हम्बकरचा ८ हेन्री धरला, तर ती थेट २,५०० हर्ट्झपर्यंत खाली घसरते. हेल्मुट लेमे या जर्मन अभियंत्याने पिकअपचा स्वभाव ओळखायला हीच अनुनादाची जागा आणि तिची उंची पाहा, असं अनेक वर्षं मांडलं आहे. यादीतल्या विशेषणांपेक्षा ही दोन मापं खूप जास्त सांगतात.

हा दोन-अडीच हजार हर्ट्झचा फरक कोणाला ऐकू येणार, असं वाटू शकतं. नेहमीच्या गिटारच्या सर्वांत वरच्या पडद्यावरचा सर्वांत उंच स्वरसुद्धा १,२०० हर्ट्झच्या आत असतो. मग त्याच्या वरच्या पट्ट्यात उरतं काय? तिथे उरतात स्वराचे उपस्वर आणि तारेला स्पर्श झाला तो क्षण. पिकने छेडलं की अंगठ्याच्या मांसल भागाने, नख लागलं की नाही, तार घोडीजवळ ओढली की मानेकडे, उजव्या हाताचा तळवा तारेवर किती टेकला होता, ही सगळी माहिती मुख्यतः २,००० ते ५,००० हर्ट्झच्या दरम्यान राहते. माणसाचा कान सर्वाधिक तीक्ष्ण असतो तोही याच पट्ट्यात. गिटार अ‍ॅम्पचे बारा इंची स्पीकर पाच हजारांच्या वर फारसं काही वाजवतच नाहीत. तेव्हा वादकाच्या हाताची ओळख पटवणारी जागा मुळातच अरुंद आहे, आणि जास्त वेढ्यांचा पिकअप तिचा वरचा अर्धा भाग कापून टाकतो. हेवी मेटल वाजवणाऱ्याला हे सोयीचं पडतं, कारण तिथे अ‍ॅम्प स्वतःच उपस्वरांचा पूर आणतो आणि पिकअपने थोडं आवरून धरलेलं बरं असतं. ब्लूजमध्ये मात्र एकाच स्वराला चार प्रकारे छेडून चार अर्थ काढायचे असतात. तीच तीन-चार मात्रांची स्वरावली गायकाच्या ओळीला उत्तर म्हणून परत परत येते आणि दर वेळी फक्त स्पर्श बदललेला असतो. तो स्पर्श पिकअपमध्येच पुसला गेला तर पुढचं कोणतंही यंत्र तो परत आणू शकत नाही.

इथे एक नेमका आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. पिकअप स्वतः सिग्नल दाबत नाही. हळू वाजवलं तर कमी वीज, जोरात वाजवलं तर जास्त वीज, हे प्रमाण जोरकस पिकअपमध्येही जवळजवळ तेच राहतं. दाबादाबी होते ती अ‍ॅम्पच्या व्हॉल्व्हमध्ये, सिग्नल त्यांच्या मर्यादेच्या पुढे गेला की. मग जोरकस पिकअप घ्यावा आणि गिटारचा व्हॉल्यूम नॉब सातवर ठेवावा. कमजोर पिकअप आपोआप मिळाला आणि गरज पडली तर दहावर नेऊन जादा ताकदही हाताशी राहिली. ऐकायला हा हिशेब बिनतोड आहे. प्रत्यक्षात दोन ठिकाणी तो फसतो. नॉब कमी केल्याने सिग्नलची पातळी उतरते, इंडक्टन्स उतरत नाही. अनुनादाची जागा खालीच अडकलेली राहते. दुसरं, नॉब मधल्या कुठल्याही जागी आणला की त्याचा रोध सिग्नलच्या वाटेत येतो. ५०० किलोओहमच्या पॉटमध्ये, म्हणजे नॉबखालच्या बदलत्या रोधकात, तो सर्वांत वाईट जागी सव्वाशे किलोओहमपर्यंत पोहोचतो आणि पाचशे पिकोफॅरडच्या केबलशी मिळून २,५०० हर्ट्झच्या वरचं आणखी कापतो. हम्बकरवर व्हॉल्यूम कमी केला की आवाजावर गोधडी टाकल्यासारखं वाटतं, त्याचं कारण हे. नॉबवर छोटा कपॅसिटर जोडून ही गळती थोडी भरून काढता येते, तो चांगला उपाय आहे, पण पिकअपने आधीच गमावलेलं त्याने येत नाही. अ‍ॅम्पवर ट्रेबल वाढवून पाहावं तर अनुनादाच्या वरची घसरण इतकी तीव्र असते की स्वराआधी खरखरच वर येते. उलट दिशेचा प्रवास मात्र सोपा आहे. क्षीण पण स्वच्छ सिग्नल वाढवायला एक साधा बूस्ट पेडल पुरतो. ताकद मागाहून घालता येते, स्पर्श मागाहून घालता येत नाही. माझा सगळा युक्तिवाद या असमानतेवर उभा आहे.

ही असमानता मोठ्या वादकांच्या सामानातही दिसते. एरिक क्लॅप्टन यांच्या नावाचा स्ट्रॅट फेंडरने १९८८ मध्ये बाजारात आणला, तेव्हा त्यात लेस सेन्सर नावाचे शांत, आवरलेले पिकअप होते आणि जाडसर आवाजासाठी गिटारच्या पोटात बॅटरीवर चालणारं, मधल्या स्वरांना उचलणारं वेगळं सर्किट होतं. जोर आणि स्पर्श ही दोन कामं दोन भागांकडे सोपवलेली. स्टीव्ही रे व्हॉन यांचा आवाज प्रचंड होता, म्हणून त्यांचे पिकअप अफाट ताकदीचे असणार, असा समज अजून टिकून आहे. त्यांच्या लाडक्या गिटारमधले पिकअप १९५९ च्या सुमाराचे, स्ट्रॅटचेच होते. आवाजाचं आकारमान आलं ते ०.०१३ इंचापासून सुरू होणाऱ्या जाड तारांमुळे, त्या अर्धा स्वर उतरवून लावण्यामुळे, मोठ्या अ‍ॅम्पमुळे, समोर ठेवलेल्या ट्यूब स्क्रीमर पेडलमुळे आणि अर्थातच त्या हातांमुळे. जाड तार म्हणजे चुंबकीय क्षेत्रात जास्त पोलाद. जास्त सिग्नल मिळवायचा तो एक रस्ता आहे आणि त्यात इंडक्टन्सची किंमत मोजावी लागत नाही. 'टेक्सास फ्लड' ऐकताना जोरकस छेडीनंतर लगेच येणारा हलका स्वर किती स्वच्छ उमटतो, ते पाहावं.

विकृत, फाटलेला आवाज हा ब्लूजचा अविभाज्य भाग आहे, मग तो क्षीण पिकअपमधून कसा यायचा, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर मेम्फिसमध्ये आहे. १९५१ मध्ये सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत 'रॉकेट ८८' ध्वनिमुद्रित झालं. वाटेत अ‍ॅम्पची मोडतोड झाली होती आणि विली किझार्ट यांची गिटार त्याच मोडक्या अ‍ॅम्पमधून तशीच वाजवली गेली. त्याच वर्षी, त्याच स्टुडिओत हाउलिन वुल्फ यांच्या 'हाउ मेनी मोअर इयर्स'वर विली जॉन्सन यांनी जी गिटार वाजवली, तीत फाटलेल्या आवाजाचा दणका पुढच्या वीस वर्षांचं भाकीत करतो. त्या काळात जास्त वेढ्यांचा खास पिकअप कोणी विकतच नव्हतं. लहान अ‍ॅम्प, दारूच्या गुत्त्यातला गोंगाट आणि त्यावर मात करण्यासाठी शेवटपर्यंत फिरवलेला नॉब, यातून तो आवाज जन्मला. १९६६ मध्ये जॉन मेयल यांच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर क्लॅप्टन यांनी जो अल्बम केला, त्यात लेस पॉल गिटारचे जुने हम्बकर आणि मार्शलचा कॉम्बो अ‍ॅम्प होता, आणि तो अ‍ॅम्प स्टुडिओत रंगमंचाइतका मोठा लावून मुद्रण झालं. इथेही अ‍ॅम्पच फाटतो, गिटार नाही. आणि म्हणूनच हाताने किंवा नॉबने तो फाटणं आणि न फाटणं यांच्या उंबरठ्यावर ठेवता येतो. हळू छेडलं तर स्वच्छ, जोरात छेडलं तर ओरखडा. बडी गाय हे तंत्र टोकाला नेतात. ऐन रंगात असताना आवाज जवळजवळ शून्यावर आणतात, श्रोत्यांना पुढे झुकायला लावतात आणि मग एका फटक्यात सभागृह हलवतात. मुंबईत मेहबूब स्टुडिओत २०११ च्या पहिल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात ज्यांनी त्यांना ऐकलं, त्यांना वेगळं सांगायची गरज नाही. सतत मर्यादेच्या पुढे ढकलणारा पिकअप असेल तर हा उंबरठाच नाहीसा होतो, खालचा मजला उरतच नाही.

'कमजोर' हा शब्द मात्र सरसकट घेऊ नये. गिब्सनचा पी-९० हा १९४६ पासूनचा पिकअप. एकच वेटोळं, पण तारेचे दहा हजारांच्या घरातले वेढे आणि खाली अल्निकोच्या दोन पट्ट्या. स्ट्रॅटच्या पिकअपपेक्षा तो स्पष्टपणे जाड आणि जोरकस वाजतो, आणि त्याचा इंडक्टन्सही बराच जास्त असतो. टी-बोन वॉकर यांच्या ईएस-५ गिटारवर असे तीन होते. फ्रेडी किंग यांच्या सोनेरी लेस पॉलवर दोन होते आणि 'हाइड अवे'ची ती चावरी धार त्यातूनच आली. मग माझा सिद्धांत इथे कोसळतो का? मला वाटतं नाही. त्याची हद्द मात्र ठरते. फ्रेडी किंग अंगठ्यात प्लॅस्टिकचा आणि तर्जनीत धातूचा पिक घालून वाजवत. जाड पिकअपने बोथट केलेली छेड ते धातूने पुन्हा टोकदार करत असत. वाद्य आणि हात यांची ही अशी वाटाघाट असते, आणि पी-९० पर्यंत ती हाताची ओळख न गमावता करता येते. त्याच्या पुढे गेलं की हाताला मागायला काही उरत नाही. म्हणून ब्लूजसाठी पी-९० ही मी वरची सीमा मानतो, आणि ती सीमा फार सुंदर आहे.

याहून मूलगामी आक्षेप दोन आहेत. पहिला असा की या मंडळींनी पिकअप कधी निवडलेच नाहीत. जी गिटार मिळाली ती वाजवली. हाउंड डॉग टेलर यांचं उदाहरण तर ठसठशीत आहे. शिकागोच्या दक्षिण भागातल्या क्लबांमध्ये ते स्वस्तातली जपानी गिटार आणि खिळखिळा अ‍ॅम्प घेऊन बसत. त्यांची रेकॉर्ड काढण्यासाठी ब्रूस इग्लाउअर यांनी १९७१ मध्ये अ‍ॅलिगेटर ही कंपनीच सुरू केली. दुसरा आक्षेप पहिल्याचंच टोक आहे: आवाज बोटांत असतो, मग पिकअपच्या इतक्या चर्चेला अर्थ काय? दोन्ही आक्षेपांतलं तथ्य मी मान्य करतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य करत नाही. त्यांनी निवड केली नाही, कारण निवडीला पर्यायच नव्हता; जे होतं ते सगळं पी-९० च्या सीमेच्या आतलं होतं. टेलर यांच्या त्या स्वस्त गिटारचे पिकअपही ताकदीसाठी बनवलेले नव्हते. आणि आवाज बोटांत असेल, तर बोटांचं म्हणणं कमीत कमी काटछाट करून पुढे पोहोचवणारा पिकअप शोधणं हे त्या विधानाचं सरळ पुढचं पाऊल आहे. अल्बर्ट किंग डाव्या हाताचे. तारा न बदलता उलटी धरलेली फ्लाइंग व्ही गिटार ते अंगठ्याने वाजवत. तार खाली खेचून घेतलेली त्यांची लांब मींड, तिच्या टोकाशी येणारा किंचित कमी-जास्त सूर, तो सूर तिथे धरून ठेवणं, हे सगळं त्या गिटारच्या १९५० च्या दशकातल्या हम्बकरमधून सुटं सुटं ऐकू येतं. मींड ऐकण्यात मुरलेल्या मराठी कानाला त्यात ओळखीचं खूप काही सापडेल. बोटं थोर होती म्हणून पिकअप कसाही चालला असता, असं म्हणणारा माणूस गाणं उत्तम आहे म्हणून मायक्रोफोन कुठलाही चालेल असं म्हणणार नाही.

खरेदीला निघालेल्या माणसाला सर्वांत जास्त फसवणारा आकडा किलोओहमचा आहे. मल्टीमीटर लावला की तो लगेच मिळतो, म्हणून सगळे तो विचारतात आणि सगळे तो छापतात. वास्तविक तो फक्त तांब्याच्या तारेचा रोध आहे. वेढे तेवढेच ठेवून ४२ ऐवजी ४३ गेजची, म्हणजे आणखी बारीक तार वापरली तर आकडा साधारण पावपट वाढतो आणि ताकद जवळजवळ तशीच राहते. टेलिकास्टरच्या मानेकडचा पिकअप अशाच बारीक तारेचा आहे. त्याचा आकडा ब्रिजकडच्या पिकअपच्या तोडीचा असूनही तो त्याहून कितीतरी सौम्य वाजतो. शिवाय तांब्याचा रोध तापमानाबरोबर बदलतो, दर अंशाला ०.४ टक्क्याच्या आसपास. नागपुरात जानेवारीच्या पहाटे १५ अंशाला ६ किलोओहम दाखवणारा पिकअप मे महिन्यात दुपारी ४० अंशाला साडेसहाच्या वर दाखवेल. त्या दोन मोसमांत त्याची ताकद वाढलेली नसते. एकाच कारखान्याच्या, एकाच तारेच्या, एकाच बांधणीच्या दोन पिकअपची तुलना करायला हा आकडा ठीक आहे, त्यापलीकडे नाही. विक्रेत्याला विचारायचंच असेल तर इंडक्टन्स किती, असं विचारावं. चांगले कारागीर तो सांगतात.

चुंबकाबद्दलही थोडं सांगायला हवं. अल्निको म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा मिश्रधातू. त्यातला पाच क्रमांकाचा जास्त जोरकस आणि टोकदार, दोन-तीन क्रमांकाचे मवाळ, एवढं ढोबळ वर्णन पुरे. जुन्या गिब्सन हम्बकरची कथा मात्र बोधक आहे. सेथ लव्हर यांनी त्याच्या पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज केला, पेटंट मिळालं १९५९ मध्ये. दरम्यान, १९५७ पासून गिटारवर बसू लागलेल्या पिकअपच्या खाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची चिकटपट्टी लावली जाई. आज त्या चिकटपट्टीवरच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते पिकअप 'पीएएफ' म्हणून ओळखले जातात आणि मूळ जोडीला डोळे पांढरे करणारी किंमत येते. त्यांची दोन वेटोळी अनेकदा असमान भरत आणि चुंबकही त्या त्या वेळी जो हाताशी असेल तो घातला जाई. म्हणजे ज्याची हुबेहूब नक्कल विकली जाते, ते मूळच एकसारखं नव्हतं. तरीही त्या सगळ्यांत एक गोष्ट समान होती: एका वेटोळ्याला पाच हजारांच्या आसपास वेढे, त्याहून फार जास्त नाहीत. नक्कल घ्यायची तर एवढ्याची घ्यावी. चिकटपट्टीच्या कागदाचा रंग जुळतो की नाही, यासाठी जादा पैसे देऊ नयेत.

एक आक्षेप असा आहे की ज्यापुढे मी बऱ्याच अंशी नमतं घेतो, आणि तो हमचा. एकेरी वेटोळ्याचा पिकअप तारेबरोबर खोलीतली वीजही ऐकतो. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर, दिव्यांचे डिमर, जुन्या वायरिंगची सभागृहं, नावापुरतं अर्थिंग, यांमधून एक सलग गुंजन येत राहतं, आणि ब्लूजमध्ये स्वरांच्या मध्ये मोकळी जागा भरपूर असल्यामुळे ते झाकलंही जात नाही. तांब्याची पट्टी चिकटवून गिटारची पोकळी आतून मढवली की चरचर कमी होते, पण चुंबकीय मार्गाने येणारा ५० हर्ट्झचा हम त्याने अडत नाही. त्यावर खरा उपाय लव्हर यांचाच: दोन वेटोळी, एकमेकांच्या उलट गुंडाळलेली, चुंबकही उलट. तारेचा सिग्नल बेरजेत येतो, हम वजाबाकीत जातो. किंमत एवढीच की दोन वेटोळी तारेला दोन जागी ऐकतात आणि काही वरचे उपस्वर एकमेकांत जिरतात. ज्याला महाराष्ट्रातल्या कुठल्याही मंचावर, कुठल्याही जोडणीवर वाजवायचं आहे, त्याने कमी वेढ्यांचा हम्बकर निवडला तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. स्ट्रॅटवाल्यासाठी मधला पिकअप उलट गुंडाळणीचा आणि उलट ध्रुवाचा घेणं हा सर्वांत स्वस्त तोडगा आहे. स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी हम निघून जातो आणि ब्लूजच्या साथसंगतीचं बरंचसं काम त्याच जागांवर होतं. एकावर एक वेटोळी रचलेले 'नॉइजलेस' पिकअपही आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारले आहेत. पण हमला उत्तर म्हणून जादा ताकद घेणं ही गफलत आहे. एकेरी वेटोळ्याचे वेढे वाढवले की सिग्नलबरोबर हमही वाढतो.

पैसे खर्च करण्याआधी एक स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यावा. स्ट्रॅटच्या पिकअपचे चुंबक थेट तारांखाली असतात. ते फार वर आणले की जाड तारांना ओढून धरतात, स्वर डळमळतो, वरच्या पडद्यांवर सूर फाटतो आणि गुंज लवकर मरते. जुन्या धाटणीच्या पिकअपसाठी फेंडर शेवटच्या पडद्यावर तार दाबून खर्जाकडे साधारण २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेकडे २ मिलिमीटर अंतर सुचवतं. ब्लूजसाठी त्याहूनही थोडं खाली नेऊन ऐकावं. नवा पिकअप आणून जो मोकळेपणा मिळवायचा, तो कित्येकदा या अर्ध्या मिलिमीटरमध्ये सापडतो. पॉटही तपासावेत. एकेरी पिकअपला २५० किलोओहम आणि हम्बकरला ५०० ही रूढ जोडी आहे. हम्बकरवर चुकून २५० चे बसवलेले असतील तर आवाज विनाकारण झाकोळलेला राहतो. आणि स्ट्रॅटच्या जुन्या नकलेत चुंबकांची जी चढउतार उंची असते, ती गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेच्या काळातली आहे. आज मींड घेता यावी म्हणून सगळे ब्लूजवाले साधी तिसरी तार लावतात, आणि मग ती एकटीच बाकीच्यांवर ओरडते. नवा संच घेताना सपाट किंवा आधुनिक उंचीचे चुंबक मागावेत. शंभर टक्के अस्सल नकलेच्या हट्टापायी हा दोष विकत घेण्यात काही अर्थ नाही.

हे सगळं करूनही बदलायचंच ठरलं, तर सर्वांत जास्त फरक स्वस्त गिटारमध्ये पडतो, महागड्यांत नाही. कमी किमतीच्या अनेक स्ट्रॅट-नकलांमध्ये पिकअपचे खांब चुंबकाचे नसून साध्या पोलादाचे असतात आणि खाली सिरॅमिकची पट्टी चिकटवलेली असते. पोलादामुळे इंडक्टन्स वाढतो, त्यात फिरणारे प्रवाह अनुनादाचा उंचवटा दाबून टाकतात. तिथे साध्या, कमी वेढ्यांच्या अल्निको खांबांचा संच बसवला की हाताखालची गिटार बदलते. तो नामांकित कारागिराचा असण्याची गरज नाही. टेलिकास्टरवर ब्रिजकडचा मूळ ठेवून फक्त मानेकडे कमी वेढ्यांचा हम्बकर टाकणं ही अल्बर्ट कॉलिन्स यांची जोडणी होती आणि ती आजही उत्तम चालते. लेस पॉल घराण्याच्या गिटारवर ब्रिजकडे थोडा जास्त वेढ्यांचा आणि मानेकडे कमीचा, असं जुळवावं. कारण मानेकडे तार जास्त हलते आणि दोन्ही सारखे घेतले तर मानेकडचा भारी होतो. हम्बकर मागवण्यापूर्वी घोडीपाशी दोन टोकांच्या तारांमधलं अंतर मोजावं. गिब्सनच्या जुन्या मापाचे खांब सुमारे ५० मिलिमीटरमध्ये बसतात, फेंडर पद्धतीच्या घोडीला ५२-५३ लागतात. जुने पिकअप फेकू नयेत, नीट गुंडाळून ठेवावेत. आणि डाग देताना एक खबरदारी: दोन पिकअप वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर त्यांची गुंडाळणी आणि ध्रुव जुळतात का, ते आधी पाहावं. नाहीतर दोन्ही एकत्र लावले की आवाज पातळ, पोकळ, नाकातून आल्यासारखा होतो. मधल्या जागेवर तसं झालं तर सोल्डरिंग आयर्न पुन्हा तापवण्याआधी पीटर ग्रीन यांची फ्लीटवूड मॅकमधली सुरुवातीची रेकॉर्डिंग्ज ऐकावीत. त्यांच्या लेस पॉलच्या मानेकडच्या पिकअपमधला चुंबक उलट बसलेला होता. ती गिटार पुढे गॅरी मूर आणि नंतर कर्क हॅमेट यांच्याकडे गेली. चुंबक अजून तसाच आहे.